अ‍ॅलर्जीवर विकतचे जंत: कुपीत काय येतं, अंगात काय होतं

अ‍ॅलर्जी, दमा, आतड्याची जुनी दुखणी यांवर उपाय म्हणून जिवंत जंत विकत मिळतात, हे ऐकून बहुतेकांच्या तोंडून ‘शी!’ निघतं. किळस जरा बाजूला ठेवली आणि एक माल म्हणून त्याच्याकडे पाहिलं, तर प्रश्न साधेच उरतात. कुपीत नेमकं काय आहे? ते जिवंत आहे का? सांगितलेल्या मात्रेत सांगितलेलं काम होतं का? आणि नको झालं तर बाहेर काढता येतं का?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, डुकराच्या व्हिपवर्म या आतड्यातल्या जंताची अंडी (ट्रायक्युरिस सुइस ओव्हा, म्हणून ‘टीएसओ’), प्यायची. दुसरा, माणसाच्या हुकवर्म या रक्त पिणाऱ्या जंताच्या अळ्या (नेकेटर अमेरिकानस), कातडीवर लावायच्या. तिसरा, उंदराच्या पट्टकृमीची बाल्यावस्था, तीही प्यायची. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) यातल्या एकालाही उपचार म्हणून मान्यता दिलेली नाही. तिथे हा माल ‘जैविक औषध’ या सदरात मोडतो, म्हणजे परवानगी घेऊन केलेल्या संशोधनाबाहेर तो विकता येत नाही. तेव्हा जे काही घरपोच येतं, त्याच्या दर्जाची जबाबदारी कोणी घेतलेली नाही हे धरूनच चालायचं.

मुळात ही कल्पना आली कुठून? जंत आणि अ‍ॅलर्जी या दोन्हींपुढे शरीर एकच हत्यार काढतं. इंटरल्युकिन-4, 5 आणि 13 हे पेशींचे रासायनिक निरोप सुटतात, आयजीई प्रतिपिंडं वाढतात, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमतात, मास्ट पेशी खाज-सूज आणणारं हिस्टामिन सोडतात, आतड्यात शेंबडासारखा स्राव वाढतो आणि आतड्याची हालचाल जोरात होते. हे सगळं जंताला धुऊन बाहेर काढण्यासाठी. परागकणापुढे किंवा धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यापुढे हीच फौज उतरते, तेव्हा आपण त्याला अ‍ॅलर्जी म्हणतो. असं असताना पोटात जंत असलेला माणूस दिवसरात्र शिंकत का नाही? कारण जंताला तिथे वर्षानुवर्षं राहायचं असतं, म्हणून तो यजमानाची प्रतिकारशक्ती थंड ठेवतो. प्रतिकार आवरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात, प्रतिकार थंडावणारे इंटरल्युकिन-10 आणि टीजीएफ-बीटा हे निरोप सुटतात, आयजीईसोबत आयजीजी4 हे दुसरं प्रतिपिंड तयार होतं आणि ते प्रतिजनाला (ज्या पदार्थावर प्रतिकारशक्ती उठते त्याला) आधीच पकडून ठेवतं. उंदराच्या आतड्यातल्या एका जंताचं प्रथिन तर टीजीएफ-बीटाचं सोंग घेऊन थेट नियामक पेशी तयार करतं, हे 2017 मध्ये दाखवलं गेलं. कल्पना खोटी नाही. माल त्या कल्पनेला पुरा पडतो का, एवढंच बघायचं आहे.

लोकसंख्येतले पुरावे आधी बघू, कारण विक्रेते तेच पुढे करतात आणि निम्मेच सांगतात. आफ्रिकेतल्या गॅबनमधल्या शाळकरी मुलांत शिस्टोसोमाचा (रक्तवाहिन्यांत राहणारा जंत) संसर्ग असेल तर माइटच्या त्वचा-चाचणीत (कातडीत थेंब टोचून गांध उठते का ते पाहणं) कमी मुलं पॉझिटिव्ह येतात, हे 2000 साली प्रसिद्ध झालं. पुढे 2004 मध्ये तिथेच दिसलं की जंतांवर वारंवार औषध दिल्यावर ही संवेदनशीलता वाढते. आता उरलेला निम्मा भाग. व्हिएतनाममध्ये 1,566 मुलांवर जंतांचं औषध विरुद्ध प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) अशी चाचणी झाली. औषधाने त्वचा-चाचणीतली संवेदनशीलता किंचित वाढली, पण दमा, सर्दी, इसब यांत फरक पडला नाही. चाचणीत गांध उठणं आणि प्रत्यक्ष धाप लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिराती नेमकं हेच मिसळून टाकतात. शिवाय सगळे जंत सारखे नाहीत. 2006 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात हुकवर्म असलेल्यांत दम्याचं प्रमाण साधारण निम्मं होतं, तर गोल जंत (अ‍ॅस्कॅरिस) असलेल्यांत ते उलट वाढलेलं. कुत्र्या-मांजरांच्या टॉक्सोकॅराचा संसर्गही दम्याच्या बाजूनेच झुकतो. म्हणून ‘जंत बरे’ हे वाक्यच निरर्थक आहे. कुठला जंत, किती, कोणत्या वयात आणि किती वर्षं, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता माल. टीएसओ दिसायला सर्वांत सभ्य. पाण्यासारखा द्राव, त्यात डोळ्यांना न दिसणारी अंडी, साठवण फ्रिजमध्ये. डुकराचा जंत माणसात पूर्ण वाढत नाही, थोडे आठवडे टिकून निघून जातो, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी नवी मात्रा घ्यावी लागते. सुरक्षिततेचा दावा यावरच उभा आहे, आणि अपयशाचं मूळही बहुधा इथेच असावं: जो पाहुणा राहायलाच आलेला नाही, तो घरातली व्यवस्था बदलायची तसदी कशाला घेईल? डेन्मार्कमध्ये गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या 100 प्रौढांवर चाचणी झाली. 2,500 अंडी, 21 दिवसांच्या अंतराने, आठ वेळा. शरीराला जंत नक्की कळले: इओसिनोफिल वाढले, जंताविरुद्धची प्रतिपिंडं तयार झाली. पण परागकणांच्या हंगामात शिंका, नाक वाहणं, औषधांची गरज, गवताविरुद्धचं आयजीई, त्वचेवरची गांध यांपैकी काही म्हणता काही बदललं नाही. वर पोटदुखी, गॅस आणि जुलाब पदरात पडले.

क्रोन्स या आतड्याच्या जुनाट आजारातली कहाणी जास्त बोलकी आहे. आयोवा विद्यापीठात 2005 मध्ये 29 रुग्णांना दर तीन आठवड्यांनी 2,500 अंडी दिली. 24 आठवड्यांनी 79.3 टक्क्यांना बरं वाटलं. हा आकडा आजही विक्रीच्या पानांवर सापडतो. त्या अभ्यासात प्लासिबो गटच नव्हता, हे मात्र सापडत नाही. मग 250 रुग्णांवर, दर दोन आठवड्यांनी 7,500 अंडी, प्लासिबोसह मोठी चाचणी झाली आणि 2013 मध्ये ती नापास ठरली. एवढ्यावर टीएसओची फाइल आम्ही बंद करतो. अपाय फारसा नाही, उपयोग दिसत नाही, आणि द्राव घेणाऱ्याला अंडी जिवंत आहेत की मेलेली हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळायची सोय नाही.

खरं प्रकरण हुकवर्मचं. हा माणसाचाच जंत आहे, राहायलाच येतो, काही वर्षं राहतो. अळ्या दात्याच्या विष्ठेतून वाढवतात, धुऊन मोजतात आणि पाण्याच्या थेंबात पाठवतात. तो थेंब गॉझवर टाकून दंडावर चिकटवायचा. काही मिनिटांत टोचल्यासारखी खाज सुरू झाली, तर निदान काही अळ्या जिवंत आहेत. काहीच जाणवलं नाही, तर पैसे पाण्यात गेल्याची शक्यता मोठी. या अवस्थेतली अळी काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगते. त्यामुळे टपालात जितका उशीर, तितकी तिची आत शिरण्याची ताकद कमी. नेकेटरला थंडीही सोसत नाही. टीएसओच्या सवयीने कुपी फ्रिजमध्ये ठेवणं ही इथली नेहमीची चूक.

पुढचा क्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्या आठवड्यात लावलेल्या जागी पुरळ आणि खाज. अळ्या रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशात चढतात आणि गिळल्या जातात, म्हणून दुसऱ्या आठवड्याच्या आसपास कोरडा खोकला. तिसऱ्या आठवड्यापासून पोटात मुरडा, मळमळ, जुलाब. इओसिनोफिल दोन महिन्यांच्या आसपास शिखरावर. शौचाच्या तपासणीत अंडी दिसायला पाच ते नऊ आठवडे लागतात, त्याआधी तपासणी करणं फुकट. एका मात्रेने त्रास झाला नाही म्हणून चौथ्याच आठवड्यात दुसरी मात्रा लावणारे पुढे पोट धरून बसतात.

मात्रेचं गणित हे या मालाचं खरं दुखणं. नॉटिंगहॅममध्ये 10, 25, 50 आणि 100 अळ्या देऊन पाहिल्या. सहन होईल आणि संसर्गही टिकेल असा आकडा 10 निघाला. त्याच 10 अळ्या दम्याच्या 32 रुग्णांना 16 आठवड्यांच्या चाचणीत दिल्या. श्वसनमार्गाची संवेदनशीलता थोडी सुधारल्यासारखी दिसली, पण संख्याशास्त्रात तो फरक टिकला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात 71 जणांच्या चाचणीत 25 अळ्या वापरल्या. तिथे नियामक पेशी वाढल्या, मेंदूतल्या नव्या डागांत मात्र ठोस फरक नाही. म्हणजे जी मात्रा सुरक्षित आहे ती कमी पडते. मग वाढवायची का? एक नेकेटर दिवसाला साधारण 0.03 मिलिलिटर रक्त पितो. दहा जंतांचे महिन्याला 9 मिलिलिटर, चालून जाईल. शंभर जंतांचे 90 मिलिलिटर, आणि त्याबरोबर रोज जवळपास दीड मिलिग्रॅम लोह. निरोगी माणसाचं आतडं आहारातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच लोह शोषतं. यातलं थोडं लोह आतड्यातून परत मिळतं हे धरलं, तरी हिशेब तोट्याचाच. ज्या मुलांत जंतांचा परिणाम दिसला, त्यांना संसर्ग लहानपणापासून आणि पुन्हा पुन्हा होत आलेला होता. चाळिशीत दंडावर लावलेला एक थेंब त्याची जागा घेईल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

विक्रेत्याला विचारायचा एकच प्रश्न असेल, तर तो दात्याबद्दल असावा. दात्याच्या रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या आहेत का, आणि त्याला स्ट्राँगिलॉइडिस (आतड्यात राहणारा दुसरा एक जंत) नाही ना? याच्याही अळ्या कातडीतूनच शिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली फरक करता येतो: हुकवर्मच्या संसर्गक्षम अळीची अन्ननलिका लांबीच्या पावभर आणि शेपूट टोकदार, स्ट्राँगिलॉइडिसची अन्ननलिका जवळपास निम्मी आणि शेपटीला खाच. फरक घातक आहे. हुकवर्म माणसाच्या पोटात वाढून संख्या वाढवत नाही, त्याच्या अंड्यांना मातीत जावंच लागतं. स्ट्राँगिलॉइडिस शरीरातल्या शरीरात पिढ्या काढतो, दशकानुदशकं. आणि दमा वाढला म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइड गोळ्या सुरू केल्या की तो अनियंत्रित वाढून जीव घेऊ शकतो. अ‍ॅलर्जीवाल्यांना स्टेरॉइड लागण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्तच.

पट्टकृमीच्या मालाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. धान्यातल्या किड्यांत वाढवलेली बाल्यावस्था, दर दोन आठवड्यांनी पिणं, आणि पुरावा म्हणून वापरणाऱ्यांचे अनुभव. अ‍ॅलर्जीसाठी एकही नीट चाचणी दाखवता येत नसेल, तर दर्जाची चर्चा कशाला?

एक तोटा जाहिरातीत कधीच नसतो. जंत घेतल्यावर तुमचे अ‍ॅलर्जीचे रिपोर्ट वाचण्यालायक राहत नाहीत. एकूण आयजीई चढतं, इओसिनोफिल चढतात, आणि ते दम्यामुळे की जंतामुळे हे सांगता येत नाही. त्यात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन कोळंबी, माइट, झुरळ आणि जंत या सगळ्यांत बरंच सारखं असतं, त्यामुळे कोळंबी व्यवस्थित पचवणाऱ्याचाही कोळंबीचा आकडा वर येऊ शकतो. आधीच्या तपासण्या हाताशी नसतील, तर तुलना कशाशी करणार? हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठवलेल्या लोहाचं माप), इओसिनोफिल, एकूण आयजीई आणि स्ट्राँगिलॉइडिसची प्रतिपिंडं, एवढं तरी चाचणीगटात शिरणाऱ्याचंही आधी पाहतात. रक्तक्षय, गरोदरपण, लहान मूल, रक्त पातळ करणारी औषधं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा वारंवार उसळणारा दमा असेल, तर हा विषय तिथेच संपला.

आणि काढायचे कसे? टीएसओ थांबवलं की आपोआप जातं. हुकवर्मवर डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्बेंडॅझोल, 400 मिलिग्रॅमची एक मात्रा. मेबेंडॅझोलची एकच गोळी हुकवर्मवर बरीच कमी पडते. अल्बेंडॅझोलनेही सगळ्यांचे जंत एका गोळीत जात नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी शौच तपासून अंडी दिसली तर पुन्हा गोळी. रक्तातले इओसिनोफिल खाली यायला त्यानंतरही आठवडे लागतात आणि आयजीईला काही महिने. तोवर अ‍ॅलर्जीचं नवं पॅनेल करून घेऊ नये, आकडा जंताचाच येईल.