कीपॅड निर्दोष होता, तरीही बदलला गेला

घराच्या सुरक्षा यंत्रणेचा कीपॅड बिघडला की घरातील माणसे धास्तावतात, आणि या धास्तीचाच काही तंत्रज्ञ गैरफायदा घेतात. आमच्याकडे जे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण हीच युक्ती कोणाही घरी सहज चालू शकते.

आमच्या कीपॅडचा डिस्प्ले मंद झाला होता, बटणे दाबल्यावर कधी प्रतिसाद मिळे, कधी मिळत नसे, आणि अधूनमधून तो आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई. इंटरनेटवर स्वतःला अधिकृत सेवा केंद्र म्हणवणाऱ्या एका क्रमांकावर फोन केल्यानंतर जो तंत्रज्ञ आला, त्याने कीपॅड भिंतीवरून उतरवला, मागची बाजू क्षणभर पाहिली आणि सांगितले, "साहेब, बोर्ड गेलाय. हे मॉडेल आता मिळत नाही. आज बदललं नाही तर रात्री अलार्म वाजणारच नाही." त्याच्या बॅगेत व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर होता, तो त्याने बाहेरसुद्धा काढला नाही. माझ्या मते सावध होण्याची जागा हीच आहे, कारण व्होल्टेज न मोजता कीपॅड जळाल्याचे निदान करणे कोणाही प्रामाणिक तंत्रज्ञाला शक्य नाही.

नवा कीपॅड बसवून त्याने पैसे घेतले आणि बिलाऐवजी मॉडेल क्रमांक नसलेली एक चिठ्ठी दिली. जुना कीपॅडही तो मागत होता, पण आम्ही तो दिला नाही, आणि पुढचा उलगडा त्यामुळेच झाला.

काही दिवसांतच नवा कीपॅडही तसाच वागू लागला आणि तो क्रमांक लागेनासा झाला. मग दुसऱ्या, ओळखीतून आलेल्या तंत्रज्ञाने आधी पॅनलच्या, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य पेटीच्या, टर्मिनलवर (तारा जोडण्याच्या जागी) व्होल्टेज मोजले. तिथे ते १३ व्होल्टच्या वर होते. कीपॅडच्या टर्मिनलवर मात्र ९ व्होल्टच्या आसपास घुटमळत होते. वायर्ड कीपॅडला सामान्यतः चार तारा असतात, दोन वीजपुरवठ्याच्या आणि दोन माहितीच्या देवाणघेवाणीच्या. यांपैकी लाल तारेचा मधला जोड त्याने उघडला, तेव्हा तांबे काळे पडलेले आणि पीळ सैल झालेला दिसला. त्याने जुना कीपॅड आखूड तारांनी थेट पॅनलला जोडला, तर तो लख्ख उजळला आणि प्रत्येक बटण चालू लागले. बिघाड कीपॅडमध्ये आहे की वायरिंगमध्ये, हे ठरवण्याची याहून सोपी परीक्षा नाही, म्हणून कीपॅड बदलण्यापूर्वी ती आपल्यासमोर करून दाखवायला सांगावे. पॅनलमधली १२ व्होल्टची बॅकअप बॅटरीही तपासून घ्यावी. ती साधारण ३ ते ५ वर्षांत निकामी होते आणि तिच्या सूचनेचा बीपसुद्धा कीपॅडचा बिघाड म्हणून खपवला जातो.

जोड नव्याने केल्यावर जुना कीपॅड पूर्ववत चालू लागला, परंतु खरा संताप पुढेच आला. पहिल्या तंत्रज्ञाने पॅनलचा इन्स्टॉलर कोड, म्हणजे यंत्रणेची मूळ सेटिंग बदलण्यासाठी तंत्रज्ञाला लागणारा कोड, न सांगता बदलून ठेवला होता, म्हणजे पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घेणे आम्हाला भाग पडावे! काही पॅनलमध्ये वीजपुरवठा पुन्हा सुरू केल्यावर ठरावीक बटणे दाबून या सेटिंगमध्ये शिरता येते, पण आमच्या पॅनलमध्ये ती सोय त्याने बंद केलेली असल्याने सगळे फॅक्टरी सेटिंगला न्यावे लागले आणि दारे, खिडक्या व मोशन सेन्सर एकेक करून पुन्हा नोंदवावे लागले. 'टेस्टिंगसाठी' म्हणून त्याने मास्टर कोडही, म्हणजे घरमालकाचा मुख्य कोड, मागून घेतला होता, वास्तविक व्होल्टेज किंवा वायरिंग तपासायला मास्टर कोड लागत नाही. त्यामुळे घरातील प्रत्येकाचा कोड त्याच दिवशी बदलला, आणि नवा इन्स्टॉलर कोड दुसऱ्या तंत्रज्ञाकडून कागदावर लिहून घेऊन पॅनलच्या पेटीपासून दूर, घरच्या कागदपत्रांत ठेवला.