इंदूरजवळच्या गावातलं राशन दुकान: धान्य चोख, पण डाळ-तेलाचं काय?

गहू कोरडा, खडे कमी, काटा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवलेला. इथवर तक्रारीला जागा नाही. गहू-तांदूळ मिळून महिन्याला माणशी 5 किलो मोफत, म्हणजे पाच जणांच्या घराला 25 किलो. पण शेतात राबणाऱ्या घरात माणशी महिन्याला 10 किलो तरी लागतंच, म्हणजे 50 किलो. उरलेले 25 किलो बाजारातून आणायचे. किलोमागे 4 रुपये चढले की घरातले 100 रुपये गेले. एक-दोन बिघेवाल्यांची खरी कोंडी हीच: एप्रिलमध्ये देणी फेडायला घरचा गहू विकायचा आणि पावसाळ्यात तोच चढ्या भावाने घ्यायचा. तेजीचा फायदा फक्त माल साठवू शकणाऱ्याला.

डाळ-तेल इथे मिळत नाही, आणि ते मिळायलाच हवं. सप्टेंबर 2024मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढलं, तेल महागलं. त्या हंगामात सोयाबीन मात्र मंडीत क्विंटलमागे 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं.

दुकानातलं ओळख पटवायचं मशीन अंगठा घेत नसेल (कामाने रेषा झिजतात), तर हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावा. पावती मागून घ्या आणि त्यावरचे किलो काट्याशी ताडून बघा.