फ्रेंच लष्कराचं १८७३चं रिव्हॉल्व्हर: घेण्याआधी नंबर बघा

ल्याँमधल्या एका जुन्या हत्यारांच्या दुकानातून साडेचारशे युरोंना घेतलं. सेंत-एतिएनच्या सरकारी कारखान्यातलं, ११ मिमी, सहाबारी. वजन किलोच्या वर. खलबत्त्यातला बत्ता उचलल्यासारखं वाटतं. चाप ओढला की चक्र फिरतं आणि ‘कट्’ करून जागेवर बसतं, जराही डगमग नाही. दीडशे वर्षांचा माल, मानलं पाहिजे! नळीच्या उजव्या अंगाला साल कोरलंय, १८७६.

आता तक्रार. या मॉडेलच्या सुट्या भागांवर क्रमांक ठोकलेले असतात. माझ्या नगाच्या सांगाड्यावरचा आणि चक्रावरचा जुळत नाही, म्हणजे चक्र दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचं. दुकानदाराने चकार शब्द काढला नाही. वर कोणीतरी पॉलिश मारमारून ठशांच्या कडा पुसट केल्यात. त्यापेक्षा गंज परवडला.

फ्रान्समध्ये सज्ञान माणसाला हे परवान्याशिवाय घेता येतं. भारतात न्यायचं मात्र मनातही आणू नका. अधिकाऱ्यांसाठीचं १८७४चं मॉडेल, काळपट निळं आणि खाचांच्या चक्राचं, दिसायला देखणं, पण महाग. शिपायाचंच घ्या, आणि घासाघीस केल्याशिवाय पैसे काढू नका.