यमू की ययाति: ‘मी’ कोणाचा ऐकावा?

प्रथमपुरुषी निवेदनाची एखादी अभिजात मराठी कादंबरी आधी कोणती वाचावी, असा प्रश्न निघाला की आमच्याकडे दोन नावे पुढे येतात: हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ (१९५९). खांडेकर १८९८ साली सांगलीतच जन्मलेले, त्यामुळे इथल्या आमच्या वाचनमंडळाचा कल ‘ययाति’कडे असणे स्वाभाविक होते, आणि माझाही तो होता.

‘ययाति’ची मांडणी मोह घालणारी आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. देवयानीच्या तोंडून जो स्वाभिमान वाटतो, तोच ययातीच्या तोंडून अहंकार ठरतो. परंतु मंडळात ही कादंबरी मोठ्याने वाचू लागलो, तेव्हा उशिरा येणारा माणूस थोडा वेळ ऐकून हळूच विचारी, ‘आत्ता बोलतंय कोण?’ प्रसंगावरून ते उमगे, बोलण्यावरून उमगत नसे. राजा, ऋषिकन्या आणि दासी झालेली राजकन्या, तिघेही सांगता सांगता थांबतात आणि जीवनाविषयी एखादे आलंकारिक वाक्य बोलतात. ते वाक्य सुंदर असते, पण ते खांडेकरांचे असते. हा खडा एकदा दाताखाली आल्यावर मला पुढे निर्धास्तपणे वाचता आले नाही. शिवाय ययाति स्वतःचा निवाडा इतक्या नेमकेपणाने करतो, की वाचकाने शोधावे असे फारसे उरत नाही.

‘पण लक्षात कोण घेतो’ची निवेदिका यमू मात्र बालपण सांगते तेव्हा त्या वयात तिला जेवढे कळले होते, तेवढेच बहुधा आपल्यापुढे ठेवते. वडिलांच्या धाकात वावरणारी आई, सासरी हाल सोसणारी मैत्रीण दुर्गी, हे सारे ती साध्या घरगुती भाषेत सांगत जाते. आणि पुढे वैधव्य व सक्तीचे केशवपन तिच्या वाट्याला येते, तोवर आपण तिचे बोलणे इतके ओळखू लागलेलो असतो, की ती काय सांगायचे टाळते आहे तेही ऐकू येते.

तिचे निवेदन पाल्हाळिक आहे, हे मान्य करावे लागेल. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः आली. तशीच थोडी थोडी वाचली तर ती लांबी जाचत नाही. पुराणकथेची ओढ असलेल्या आणि एकट्याने वाचणाऱ्या माणसाला कदाचित ‘ययाति’च जवळची वाटेल, शर्मिष्ठेचा भाग मीही पुन्हा आवडीने वाचतो. मंडळात नव्याने येणाऱ्याच्या हाती मात्र मी यमूच देतो.