पाडव्याची गाडी आणि १,८६,५०० रुपये

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका अधिकृत शोरूममध्ये, त्या शोरूमच्याच विक्री प्रतिनिधीने, २०२५ च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर माझ्याकडून १,८६,५०० रुपये घेतले आणि त्यांपैकी फक्त ११,००० रुपये शोरूमच्या खात्यात पोहोचले. उरलेले १,७५,५०० रुपये कोणत्या खात्यात गेले हे पोलिसांना, बँकेला आणि शोरूमला व्यवस्थित ठाऊक आहे. ते परत कोणी मिळवून द्यायचे, यावर मात्र त्यांचे एकमत होत नाही. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करतो आणि कोणत्याही नव्या पुरवठादाराला पैसे पाठवण्यापूर्वी त्याच्या खात्यात एक रुपया टाकून नाव पडताळणे हे माझे रोजचे काम आहे. तरीही लिहितो आहे, कारण ज्यांना ज्यांना ही हकिकत सांगितली त्यांनी “असले अनोळखी फोन उचलायचेच कशाला?” असे विचारले. फोन अनोळखी नव्हता. शोरूम खरे होते, माणूस खरा होता, त्याच्या गळ्यातले ओळखपत्र खरे होते आणि गाडीसुद्धा खरी होती.

आमचे गणित सरळ होते. पतपेढीकडून ६,००,००० रुपयांचे कर्ज मंजूर झाले होते, घरची शिल्लक दोन लाखांच्या आत, म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत गाडी आठ लाखांत बसली पाहिजे. माणसे पाच, त्यांपैकी आईचे गुडघे दुखरे, म्हणून बसायला उंच आसन हवे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार मीटरहून लांब गाडी बसत नाही. सीएनजीची गाडी मुंबईत परवडते हे खरे, पण मोठी टाकी डिकी खाऊन टाकते आणि गणपतीला चिपळूणला जाताना सामान काय मांडीवर घ्यायचे? दोन लहान टाक्यांची सोय काही कंपन्यांनी काढली आहे, पण त्यांतली आम्हाला पटलेली मॉडेले आमच्या आकड्याबाहेर जात होती. वॅगन आर, टियागो, पंच, एक्सटर अशा सगळ्या गाड्या पाहून झाल्या. शेवटी १२०० सीसीच्या आतली एक पेट्रोल गाडी ठरली. कोणती ते सांगत नाही. दोष गाडीचा नाही.

पहिले कोटेशन असे होते: एक्स-शोरूम किंमत ६,८९,९०० रुपये, अकरा टक्क्यांनी रोड टॅक्स ७५,८८९, इन्शुरन्स ४१,३००, आरटीओ खर्च ९,०००, हँडलिंग चार्जेस ८,५०० आणि ॲक्सेसरीज १८,९००, एकूण ८,४३,४८९. यातली हँडलिंग नावाची ओळ कोणत्याही सरकारी कराची नाही आणि ती देण्यास तुम्ही बांधील नाही, हे इथेच सांगून ठेवतो. खासगी मोटारीच्या नोंदणीची सरकारी फी ६०० रुपये आणि कर्जाचा बोजा चढवण्याची १,५०० रुपये असताना आरटीओ खर्च ९,००० कसा, हेही विचारावे. इन्शुरन्स शोरूममधूनच घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. तीन वर्षांच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सरकारने ठरवलेला असल्यामुळे तो कुठेही गेलात तरी सारखाच असतो. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात आणि वर चिकटवलेल्या जोडण्यांत. हे सगळे मला माहीत होते आणि मी घासाघीसही केली होती. मी भोळसट गिऱ्हाईक नव्हतो, एवढेच सांगायचे आहे.

घासाघीस करून काही सुटेना, तेव्हा मी ११,००० रुपये शोरूमच्या काउंटरवर कार्डाने भरून गाडी बुक केली. त्याची छापील पावती मिळाली आणि ती अस्सल होती. पुढच्या आठवड्यात त्या प्रतिनिधीचा फोन आला: “सर, एक कॅन्सलेशनची गाडी आहे, तुमचाच रंग, तुमचेच मॉडेल. समोरच्या पार्टीचे लोन रिजेक्ट झाले. ३१ मार्चच्या आत बिल फाडायचे आहे म्हणून मॅनेजर ५२,००० सोडायला तयार आहेत.” आर्थिक वर्षाअखेर विक्रीचा आकडा गाठण्यासाठी सवलती दिल्या जातात हे हिशेबाच्या माणसाला पटणारच. मी गाडी पाहायला गेलो. शोरूमच्या आवारात मागच्या बाजूला ती उभी होती, सीटांवर प्लास्टिक होते, आणि तिचा चॅसिस क्रमांक मी स्वतः वाकून वाचला. तो त्याने दिलेल्या नव्या कोटेशनवरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळत होता. उत्पादनाचा महिनाही विचारला; जुना साठा गळ्यात मारतात हे ऐकून होतो. इतके केल्यावर आणखी काय करायचे होते, हा प्रश्न मी आजही विचारतो आणि उत्तर देणारे सगळे घटनेनंतर शहाणे झालेले असतात.

नवी एकूण रक्कम झाली ७,९१,४८९. त्यातून कर्जाचे सहा लाख आणि बुकिंगचे ११,००० वजा जाता उरतात १,८०,४८९. त्याने मागितले १,७५,५००, आणि “उरलेले ४,९८९ डिलिव्हरीच्या दिवशी चावी हातात घेऊन द्या सर, घाई नाही” असे म्हणाला. लुबाडायला निघालेला माणूस पाच हजार रुपये मागे का ठेवेल, असे मला वाटले. ते ४,९८९ रुपये हाच त्याचा गळ होता.

शुक्रवार, २८ मार्च. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर माझ्या डाव्या हाताला शोरूमचे छापील प्रोफॉर्मा इन्व्हॉइस होते, ज्याच्या तळाशी बारीक अक्षरांत शोरूमच्या बँकेचे नाव आणि खाते क्रमांक होता. उजव्या हातात मोबाइल होता, आणि त्यात त्याने पाठवलेला रद्द केलेल्या चेकचा फोटो. बँक वेगळी, शाखा वसईची. नावातला पहिला शब्द शोरूमचाच होता, पुढचे शब्द अंगठ्याखाली अर्धवट झाकलेले होते. दोन्ही क्रमांक माझ्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होते आणि ते वेगळे आहेत हे मला दिसले. मी लगेच फोन करून विचारले. उत्तर तयार होते: “लोनचे पैसे त्या खात्यात जातात सर. टॅक्स, इन्शुरन्स, ॲक्सेसरीजचे खाते वेगळे असते.” असे खरोखर असते, निदान काही ठिकाणी असते, म्हणून मी गप्प बसलो. पण टॅक्स, इन्शुरन्स, आरटीओ, हँडलिंग आणि ॲक्सेसरीज यांची बेरीज १,५३,५८९ होते, १,७५,५०० नव्हे. २१,९११ रुपये कशाचे, हा एक प्रश्न विचारला असता तर तो अडखळला असता. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतले असले फरक शोधून काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या टेबलावर ही बेरीज केली नाही, हे आठवले की अजून रात्री झोप उडते. शेजारी मुलगी पाडव्याला गाडीला हार कोणता घालायचा ते विचारत होती.

रक्कम लाखाच्या वर, म्हणून यूपीआय नाही, एनईएफटी केले. एनईएफटीमध्ये तुम्ही नाव काहीही टंकले तरी पैसे जमा होतात ते केवळ खाते क्रमांकावर. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बँकांना सांगितले होते की एनईएफटी आणि आरटीजीएस करताना समोरच्या खातेदाराचे खरे नाव ग्राहकाला दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी. माझे पैसे गेले २८ मार्चला. माझ्या बँकेने मुदतीच्या चार दिवस आधी ती सोय दिली असती, तर अंगठ्याखाली झाकलेले पूर्ण नाव पडद्यावर आले असते आणि ते शोरूमचे नाही हे कळले असते. आता ती सोय आहे, वापरा. आणि आधी एक रुपया पाठवा.

तारखा त्याने किती विचार करून निवडल्या होत्या पाहा. रविवारी ३० तारखेला पाडवा, सोमवारी ईद, मंगळवारी बँकांचा वार्षिक ताळेबंद. पाडव्याला सकाळी आम्ही नारळ, हळदकुंकू आणि पेढे घेऊन शोरूममध्ये पोहोचलो. बाहेर झेंडूच्या माळा, आत दुसऱ्यांच्या गाड्यांसमोर नारळ फुटत होते, आणि त्याचा फोन बंद. मॅनेजरने संगणकात पाहून सांगितले की तुमच्या नावावर ११,००० रुपयांचे बुकिंग आहे, गाडी अजून अलॉट झालेली नाही, आणि तो प्रतिनिधी दोन दिवसांपूर्वीच नोकरी सोडून गेला. दोन दिवसांपूर्वी, म्हणजे त्याच शुक्रवारी. आईला खुर्ची द्या, एवढे मला त्यांना सांगावे लागले. मग त्यांनी बुकिंग फॉर्मची मागची बाजू दाखवली. तिथे कंपनीच्या नावाखेरीज अन्य खात्यात पैसे भरू नयेत असे छापलेले होते, अशा टायपात की चष्मा काढून कागद नाकाशी धरावा. तो त्यांच्या खुर्चीत बसत होता, त्यांचा बिल्ला लावत होता, त्यांच्या आवारातली गाडी दाखवत होता. आणि जबाबदारी मात्र मागच्या पानावरच्या त्या ओळीची.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन केला. तक्रार नोंदली गेली, खाते गोठवले गेले, तेव्हा त्यात ३,१४० रुपये शिल्लक होते. तेही हवे असतील तर न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. पोलीस ठाण्यात पहिले वाक्य ऐकले ते “हे दिवाणी प्रकरण आहे”. दुसरे, “शोरूम आमच्या हद्दीत नाही”. शोरूम ज्या हद्दीत, त्या ठाण्याने सांगितले की खाते वसईचे आहे, तिकडे जा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी तक्रार नोंदवून घ्यावी असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, मी ते कलम छापून नेले तर अंमलदार म्हणाले, “तुम्ही एवढे शिकलेले, मग पैसे कसे दिलेत?” सायबर शाखेचे म्हणणे असे की आरोपीला तुम्ही ओळखत होता, समोरासमोर भेटला होता, म्हणून हा सायबर गुन्हा नाही. थोडक्यात, हद्द दुसऱ्याची म्हणून ठाणे नको म्हणते आणि माणूस समोर बसला होता म्हणून सायबर नको म्हणते. फसवणुकीचे कलम ४२० होते ते नव्या कायद्यात ३१८ झाले, बाकी कारभार तोच.

बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला. ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक अनधिकृत व्यवहारांपुरतेच आहे. ते बरोबर असेल, पण वसईच्या ज्या शाखेने शोरूमच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन ते खाते उघडू दिले, तिला कोणी काही विचारायचे की नाही? गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेने दोन ओळींत कळवले की डीलर ही स्वतंत्र संस्था आहे. जाहिरातीत मात्र दोघे एकच कुटुंब असतात. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरची तक्रार शोरूमने “ग्राहकाशी चर्चा झाली” असे उत्तर पाठवून बंद करून घेतली. चर्चा झाली होती हे खरेच. ती भांडण या स्वरूपाची होती.

यात कडी म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर, जीएसटी आणि सेस मिळून २९ टक्के होता तो १८ टक्क्यांवर आला. मी हिशेब केला. त्याच गाडीची किंमत त्यामुळे सुमारे ५९,००० रुपयांनी उतरायला हवी, म्हणजे त्या भामट्याने दाखवलेल्या ५२,००० रुपयांपेक्षा जास्त, आणि तीही कोणाच्या मेहरबानीशिवाय. घरात हा आकडा मी कोणाला सांगितलेला नाही.

शेवटी ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, त्यामुळे खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये. मागणी एकच: नोकराने नोकरीवर असताना, मालकाच्या जागेत बसून केलेल्या व्यवहाराला मालक जबाबदार आहे. नोटीस मिळाल्यावर लेखी उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर वाढीव १५ मिळतात, त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. शोरूमच्या वकिलांनी आणखी मुदत मागितली आहे आणि तिला विरोध करणारा आमचा अर्ज तयार आहे. त्याच शोरूममध्ये त्या मार्च महिन्यात ज्यांनी वसईच्या खात्यात पैसे भरले असतील, त्यांनी चेकचा तो फोटो आणि मोबाइलवरचे संदेश पुसू नयेत, मूळ पावती तडजोडीच्या नावाखाली शोरूमच्या हाती देऊ नये, आणि आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिच्या प्रतीवर शिक्का घ्यावा.