कानातल्या हाडाच्या जागी काय बसवायचं: स्वतःचं हाड, सिरॅमिक की टायटॅनियम?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत माणसं येतात ती ऐकू किती येतं हे मोजून घ्यायला. पण पडद्याचं ऑपरेशन ठरलेलं असलं की त्यांच्या हातात खर्चाचा कागदही असतो, आणि त्यातल्या एका ओळीपाशी सगळे अडतात. मध्यंतरी कागल तालुक्यातल्या एका ताईंनी तो कागद टेबलावर ठेवला. "मॅडम, डॉक्टर म्हणत्यात आतलं हाड खराब निघालं तर टायटॅनियमचं बसवू. पावणं म्हणत्यात धातू कानात नको. तुम्हीच सांगा आता."

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, शस्त्रक्रिया माझ्या हातात नसते. पण ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, मीच काढते, काही कानांचे तर वर्षानुवर्षं काढते. त्यामुळे हाडाच्या जागी बसवलेला कुठला भाग टिकला आणि कुठला बाहेर आला, हे माझ्या खुर्चीवरून नीट दिसतं. हा आढावा त्या ताईंसारख्यांसाठी, ज्यांना येत्या पंधरा दिवसांत हो किंवा नाही म्हणायचं आहे.

आधी कानाचं काम कसं चालतं ते थोडक्यात. पडद्यामागे तीन हाडं असतात: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम 3 मिलिमीटर उंचीची आणि सुमारे 3 मिलिग्रॅम वजनाची, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. पडद्याचं कंप पावणारं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या साधारण 17 पट. त्यात हाडांच्या तरफेची भर पडून आवाजाचा दाब सुमारे 22 पटींनी वाढतो आणि आतल्या कानातल्या द्रवापर्यंत पोचतो. कान वर्षानुवर्षं वाहत राहिला की बहुतेकदा आधी झिजते ती ऐरण, कारण तिच्या लांब टोकाला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. साखळी तिथे तुटली आणि पडदा मात्र शाबूत राहिला, तर 60 डेसिबलपर्यंत ऐकणं घटू शकतं. म्हणजे समोरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलतोय आणि शब्द लागत नाहीत. ही तुटलेली जागा भरून काढायची, एवढाच खरा प्रश्न.

स्वतःचीच ऐरण काढून, घासून, आकार देऊन पडदा आणि रिकीब यांच्या मधे बसवणं ही 1950च्या दशकात सुरू झालेली पद्धत आहे, आणि आजही माझ्या मते पहिली पसंती तिलाच हवी. शरीर तिला परकं मानत नाही, ती पडदा भेदून बाहेर येणं फार क्वचित घडतं, आणि वेगळा पैसा लागत नाही. अट एवढीच की ऐरण पुरेशी उरलेली हवी आणि रिकीब उभी हवी. कोलेस्टिॲटोमा असेल, म्हणजे पडद्यामागे कातडी वाढत जाऊन हाड खात असेल, ज्याला आपल्याकडे "हाड सडलंय" म्हणतात, तर मात्र ती परत वापरणं धोक्याचं. हाडाच्या खाचेत रोगाचा कण राहून गेला तर तो पुन्हा वाढतो. शिवाय स्वतःचं हाडही काही कानांत हळूहळू झिजतं किंवा शेजारच्या भिंतीला चिकटून बसतं, आणि मग ते हलत नाही.

एक काळ असा होता की मृत दात्यांची हाडं जतन करून वापरत. एचआयव्ही आणि मेंदूच्या संसर्गाच्या भीतीने ती वाट जवळपास बंद झाली. कुणी तसं सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

कूर्चा, म्हणजे बाहेरच्या कानाला आकार देणारं मऊ लवचिक हाड. तीही स्वतःचीच, कानाच्या पाळीजवळून घेतलेली. तालमीतल्या पैलवानांचे कान मोडून गड्ड्यासारखे होतात ते या बाहेरच्या कूर्चेवर रक्त साकळल्यामुळे. त्या दुखण्याचा आतल्या हाडांशी संबंध नाही, पण कुस्तीच्या या गावात गल्लत होते म्हणून सांगितलं. पडद्याला आधार म्हणून कूर्चा उत्तम. खांब म्हणून उभी केली तर काही वर्षांत मऊ पडते आणि आवाज वाहून नेण्याइतकी ताठ राहत नाही.

आता बाहेरून आणलेल्या पदार्थांकडे. सुरुवात प्लास्टिकपासून झाली आणि ती चुकांमधून शिकवणारी होती. जर्मनीतले कानाचे सर्जन वुलस्टाइन यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ॲक्रिलिकचा खांब वापरून पाहिला. पुढे 1970च्या दशकात सच्छिद्र पॉलिथिलीन आलं. शरीराच्या पेशी त्या छिद्रांत शिरून त्याला धरून ठेवतील अशी आशा होती, पण अनेक कानांत त्या पेशींनी त्याला परकं समजून सतत हल्लाच चढवला. पडद्याशी थेट टेकवलेलं प्लास्टिक पडदा पातळ करत बाहेर डोकावतं, म्हणून मधे कूर्चेची चकती घालणं आलं. टेफ्लॉनची गोष्ट मात्र निराळी आहे. 1956 साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये सर्जन जॉन शी यांनी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनचं रोपण बसवलं, आणि रिकीब घट्ट होऊन हलेनाशी झालेल्या कानांत टेफ्लॉनचा पिस्टन, म्हणजे तिच्या जागी बसणारी बारीक दांडी, आजही चांगलं काम करतो. तिथे कान कोरडा असतो, पडदा धड असतो आणि पिस्टन पडद्याला टेकतही नाही. तोच टेफ्लॉन वाहत्या कानात इतका गुणी ठरत नाही. पदार्थाची पारख करताना तो कुठल्या कानात जाणार आहे हे आधी विचारायचं, ते यासाठी.

हायड्रॉक्सिॲपटाइट म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं सिरॅमिक. आपल्या हाडातलं खनिज जवळपास हेच, म्हणून शरीराचा विरोध कमी. कान शांत असेल तर वर्षानुवर्षं निमूट राहतं. तोटा असा की ते ठिसूळ आहे. ऑपरेशन चालू असताना ड्रिलने उंची कमी करायला गेलं की तडकू शकतं, आणि टायटॅनियमच्या नाजूक सांगाड्यापेक्षा ते जाडजूड बनवावं लागतं. याच्याच नात्यातली बायोग्लास ही खास काच 1969 साली फ्लोरिडात लॅरी हेंच यांनी शोधली. 1985 साली तिची पहिली वैद्यकीय वस्तू बाजारात आली ती कानातल्या हाडासाठीच. प्रयोगशाळेत तिने हाडाशी फार सुंदर नातं जोडलं होतं, कानात मात्र काळाच्या ओघात ती फुटून विरघळल्याचं दिसलं. दातांच्या आणि हाडांच्या उपचारात ती आजही वापरात आहे.

टायटॅनियम मध्यकर्णात, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीत, 1990च्या दशकात आलं. त्याच्या पृष्ठभागावर हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप पातळ थर बसतो आणि तोच त्याला गंजण्यापासून आणि शरीराला धातूच्या त्रासापासून वाचवतो. शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेले एक काका मला म्हणाले, "म्हणजे कल्हई केल्यागत." बरोबर, फक्त ही कल्हई ओरखडा गेला तरी स्वतःच परत चढते. भाग इतका हलका की वजन काही मिलिग्रॅमच भरतं, शिवाय ताठ. डोक्याला जाळी असल्यामुळे सर्जनना खालची रिकीब दिसत राहते आणि भाग नेमका बसवता येतो. पडदा आणि टायटॅनियम यांच्या मधे कूर्चेची चकती हवीच. ती घालणार का, हे जरूर विचारा. स्वतःचं हाड वापरता येत नसेल, तर मी टायटॅनियम आणि कूर्चा या जोडीच्या बाजूने आहे.

सोनंही वापरून झालंय. गुजरीच्या सराफ बाजारातल्या आपल्या माणसांना ते ऐकून बरं वाटतं, पण सोन्याची घनता टायटॅनियमच्या चौपटीहून जास्त. भाग जड झाला की उंच पट्टीचे आवाज, स आणि श सारखी अक्षरं, मागे पडतात. शिवाय कानात ते टायटॅनियमइतकं शांतही राहिलं नाही.

"पावणं म्हणत्यात धातू नको" यामागे दोन भीती असतात. एक ॲलर्जीची. खोट्या दागिन्यांनी पाळी चिघळते ती बहुधा निकेलमुळे, आणि शुद्ध टायटॅनियममध्ये निकेल नसतं. पण रिकिबीच्या ऑपरेशनमध्ये नायटिनॉलचा पिस्टन सुचवला असेल तर तो निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू आहे. ॲलर्जी असलेल्यांनी आधीच सांगावं. दुसरी भीती एमआरआयची. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही. 1987 साली बनलेले काही स्टीलचे पिस्टन तसे ओढले जाणारे निघाले होते आणि ते परत मागवावे लागले. म्हणून एमआरआयच्या खोलीत भागाचं नाव सांगता आलंच पाहिजे.

हे सगळं सांगून झाल्यावर मी त्या ताईंना जे म्हणाले ते इथेही म्हणते. सिरॅमिक आणि टायटॅनियम यांच्यातला फरक माझ्या ऑडिओग्रामवर क्वचितच ठळक दिसतो. ठळक दिसतं ते हे: रिकीब शाबूत होती का, कान ऑपरेशनच्या आधी कोरडा झाला होता का, आणि नाकामागून कानात हवा नेणारी नळी उघडी आहे का. ही नळी बंद राहिली तर पडदा आत ओढला जातो आणि सगळ्यांत महागडा भागही एक दिवस बाहेर येतो. विहिरीत, रंकाळ्यात पोहणाऱ्या पोरांचा कान वाहायचा थांबवणं हे भाग निवडण्याइतकंच मोलाचं आहे. कोलेस्टिॲटोमात डॉक्टर काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून तेव्हा भाग बसवू म्हणाले, तर त्याला टाळाटाळ समजू नका.

2019 साली दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात डॉ. त्शिफुलारो यांनी थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली हाडं रुग्णाच्या कानात बसवली, तो व्हिडिओ अजून फिरतो आणि लोक माझ्याकडे तोच कान मागतात. दिशा आशेची आहे. जंतूंचा थर धरू न देणाऱ्या पृष्ठभागांवरही काम चालू आहे. पण आज वाहणाऱ्या कानाचा उपचार त्यासाठी लांबवू नये.

पैशाचं म्हणाल, तर आधी महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि रोपणाचा खर्च त्यात धरला आहे का ते वेगळं विचारा. कर्ज काढून महागडा भाग घ्यावा, इतका फरक मला कधी दिसलेला नाही.

ताईंची ऐरण ऑपरेशनमध्ये अर्धी खाल्लेली निघाली, म्हणून टायटॅनियम बसलं. कानातली पट्टी निघाल्यावर त्या आल्या, तेव्हा भागाचं नाव आणि माप लिहिलेलं स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवलेलं होतं. मी त्याची झेरॉक्स काढून दिली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगितली.