मागची उंची वाढवायची तर एअर शॉक की नवे पाटे?

१९६८ ते १९७० या काळातील प्लिमथ रोड रनर, डॉज सुपर बी किंवा चार्जर यांपैकी एखादी अमेरिकी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांना पुढच्या बाजूच्या उंचीची फारशी चिंता करावी लागत नाही. या गाड्या बनवणाऱ्या क्रायस्लरने १९५७ च्या मॉडेलांपासून पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी कांड्या) दिले आणि खालच्या कंट्रोल आर्मपाशी असलेला बोल्ट पाना लावून फिरवला की गाडीचे नाक हवे तसे वर-खाली होते. खरा प्रश्न मागच्या बाजूचा आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ ओझे वाहिलेले पाटे, म्हणजे पोलादी पानांच्या थरांच्या मागच्या लीफ स्प्रिंग, सपाट होतात, गाडी मागे बसलेली दिसते, रुंद टायर घातले की ते मडगार्डच्या आतल्या कडेला घासू लागतात. अशा वेळी जुने पाटे तसेच ठेवून एअर शॉक बसवावेत की पाट्यांची जोडीच नवी घालावी, हे ठरवावे लागते. लांब शॅकल (पाट्याचे मागचे टोक बॉडीला जोडणारी कडी) लावण्याचा तिसरा मार्ग मी या तुलनेत धरत नाही, कारण त्याने उंची मिळाली तरी वळणावर गाडीचा मागचा भाग आडवा हलतो. बाकीचे दोन्ही उपाय मी माझ्या १९६९ च्या रोड रनरवर वापरले आहेत.

आधी एअर शॉकची बाजू मांडतो, कारण ती कमकुवत नाही. नेहमीच्या शॉक अॅब्सॉर्बरभोवती रबराची हवाबंद पिशवी असते. तिच्यात हवा भरली की गाडीचा मागचा भाग उचलला जातो. हे काम एका दुपारीत होते, आणि पाट्यांच्या गंजलेल्या बोल्टांना हातही लावावा लागत नाही. मी राहतो त्या मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि जुन्या गाड्यांचे खालचे नटबोल्ट अक्षरशः एकजीव झालेले असतात, त्यामुळे ही सवलत किरकोळ मानता येत नाही. डिकी भरून कुटुंबासह लांब जायचे असेल तेव्हा हवा वाढवता येते आणि परतल्यावर कमी करता येते. अशी सोय पाटे कधीच देऊ शकत नाहीत. शेपूट उंच आणि नाक खाली अशी १९७० च्या दशकातील ठेवण ज्यांना आवडते, त्यांना ती याहून कमी खटाटोपात मिळणे कठीण आहे.

मात्र उचललेले वजन कुठे जाते, याचा विचार करावा. या गाड्यांना वेगळी चासी नाही. सारा सांगाडा बॉडीशी एकसंध आहे, आणि मागच्या शॉकांची वरची टोके तळाला वेल्ड केलेल्या एका आडव्या क्रॉसमेंबरला जोडलेली असतात. तो भाग शॉकचे धक्के सोसण्यासाठी बनवला आहे, गाडी पेलण्यासाठी नाही. हवा जितकी जास्त, तितका भार पाट्यांवरून सरकून त्याच्यावर येतो. माझ्या गाडीत तिथे तडा गेला नव्हता, तरीही बरीच वर्षे एअर शॉकवर चाललेली गाडी विकत घेताना तो भाग बॅटरीच्या उजेडात नीट पाहावा, असे मी आवर्जून सुचवीन.

माझा निर्णय मात्र या धोक्यामुळे झाला नाही. तो झाला एका साध्या त्रासामुळे: एअर शॉकने दिलेली उंची टिकत नाही.

पिशवीतील हवेचे आकारमान अगदी लहान असते. टायरला गेज लावताना थोडी हवा निसटली तर काही बिघडत नाही, पण इथे गेज लावण्याच्या क्षणी जी फुस्स होते तिनेच काटा खाली येतो, म्हणजे किती दाब होता हे पाहायला गेले की तो दाब उरतच नाही. त्यात हवामानाची भर पडते. ऑगस्टच्या दुपारी ३० अंश सेल्सियसला १०० पीएसआय दाबाने भरलेली हवा शरद ऋतूतील ५ अंशांच्या सकाळी सुमारे १० पीएसआयने उतरलेली असते, आणि तीही कुठे काहीही न गळता. दोन्ही बाजूंच्या नळ्या एकाच टी-जोडाला लावल्या तर वळणावर दबणाऱ्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी अधिकच झुकते. ते टाळण्यासाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र व्हॉल्व्ह दिले तर एक बाजू दुसरीच्या आधी उतरते. माझ्या गाडीत स्वतंत्र व्हॉल्व्ह होते. गॅरेजमध्ये उभ्या केलेल्या गाडीची डावी बाजू काही दिवसांनी बोटभर खाली आलेली असे. साबणाचे पाणी लावून पाहिल्यावर प्लास्टिकच्या नळीच्या जोडापाशी टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा अतिशय सावकाश फुगताना दिसायचा. जोड घट्ट केला, आतली रबरी रिंग बदलली, नळीचे टोक नव्याने सरळ कापून बसवले, तरी काही काळाने तो बुडबुडा परत यायचा. डाव्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर मडगार्डच्या कडेने ओढलेली चकचकीत रेघ कायम असायची.

एखाद्याला वाटेल, बोटभर फरकाने काय होते? रोड रनरचा व्हीलबेस ११६ इंचांचा आहे. मागची बाजू १ इंच उचलली की सगळी गाडी सुमारे अर्ध्या अंशाने पुढे कलते आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, तेवढाच कमी होतो. या गाड्यांत कॅस्टर वाढवायला मुळातच फार वाव नसतो, त्यामुळे पॉवर स्टीअरिंगच्या गाडीत हा अर्धा अंश हाताला जाणवतो. हायवेवर स्टीअरिंग मध्यावर ठरत नाही, सतत बारीक सावरावे लागते. मागची बाजू उतरली की स्टीअरिंग सुधारते, पण टायर घासतो आणि हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. टॉर्शन बारचे बोल्ट, अलाइनमेंट, दिव्यांची दिशा हे सारे मागच्या एका उंचीला धरून जुळवलेले असते. ती उंचीच रोज बदलू लागली तर पुढे काळजीपूर्वक केलेले काम वाया जाते. मला हे सर्वाधिक खटकले, आणि दुसऱ्या कोणाला तितके खटकणार नाही हेही मी मान्य करतो.

नव्या पाट्यांना स्वतःच्या अडचणी आहेत. ते महाग पडतात, आणि आपल्याला नेमकी किती उंची हवी आहे हे मागवण्यापूर्वीच ठरवावे लागते, कारण नंतर व्हॉल्व्ह उघडून मत बदलता येत नाही. कोणत्या प्रकारचे घ्यावेत हाही प्रश्न असतोच. या गाड्यांत अॅक्सल पाट्याच्या मध्यावर नसून पुढच्या टोकाच्या जवळ बांधलेला आहे. पुढचा आखूड, कडक भाग अॅक्सलला पिळ्यापासून रोखतो आणि मागचा लांब भाग खड्डे सोसतो. हेमी या जोरदार इंजिनाच्या गाड्यांना कारखान्यातूनच एका बाजूला ६ पूर्ण पाने, तर दुसऱ्या बाजूला ५ पूर्ण आणि २ अर्धी पाने असलेले पाटे मिळत, कारण जोरात निघताना इंजिनाच्या पिळ्याने उजवे मागचे चाक हलके होते. दिसायला दमदार म्हणून तेच पाटे ३८३ घनइंची इंजिनाच्या, केवळ रविवारी फिरणाऱ्या गाडीला घालावेत असे मला वाटत नाही. ते घातलेल्या एका परिचितांच्या गाडीत मी बसलो आहे, आणि मार्च महिन्यातील मिशिगनच्या रस्त्यांवर पाठीला प्रत्येक खड्डा मोजता येत होता. मी मूळ ताकदीचे, कमान किंचित अधिक असलेले पाटे घेतले आणि त्यांच्यासोबत साधे शॉक लावले.

तेव्हापासून गाडी दोन्ही बाजूंना सारखी उभी राहते. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ड्रीम क्रूझ हा जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथे उन्हात, इंजिने तापलेली असताना, गाड्यांची रांग तासन्‌तास मुंगीच्या पावलांनी सरकते. त्या गर्दीत सायलेन्सरच्या उष्णतेने मागची हवा तापते आहे का, घरी जाताना टायर घासेल का, हा विचार आता डोक्यात येत नाही. मी मोजमाप करून हे सांगत नाही, पण हायवेवर स्टीअरिंग आता हातात शांत असते.

ज्यांना गाडी वरचेवर ओझ्याने भरायची आहे, किंवा जिचे मूळ पाटे अजून चांगली कमान धरून आहेत आणि थोडाच टेकू हवा आहे, त्यांनी कमी दाबावर एअर शॉक वापरले तर मी त्यांना अडवणार नाही. मात्र बनवणारे बहुधा २० ते २५ पीएसआयच्या खाली दाब जाऊ देऊ नये असे सांगतात, ते पाळावे. थकलेल्या पाट्यांचे काम हवेकडून करून घ्यायचे असेल, तर तो खर्च थोडा थांबून पाट्यांवर करावा, असे माझे मत आहे.

पाटे घालायचे ठरलेच तर पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत. पाट्याच्या पुढच्या टोकाच्या डोळ्यातला (छिद्रातला) आणि शॅकलचे असे सर्व बोल्ट गाडी जॅकवर असताना केवळ अडकवून ठेवावेत आणि चाकांवर पूर्ण वजन आल्यावरच आवळावेत. अधांतरी आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत पकडले जातात, उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतात. नवे पाटे सुरुवातीला थोडे उंचच बसतात, तेव्हा काही शे मैल गाडी चालू द्यावी. त्यानंतर पेट्रोलची टाकी भरून, टायरमधील हवा नीट करून, सपाट जागी गाडी पुढे-मागे चार वेळा दाबून मोकळी करावी आणि मग टॉर्शन बारच्या बोल्टांना हात घालावा. एका बाजूचा बोल्ट फिरवला की दुसऱ्या बाजूचीही उंची थोडी बदलते, म्हणून दोन्हीकडे आलटून पालटून पाहावे. अलाइनमेंट आणि त्यामागोमाग हेडलाइट हे या सगळ्यानंतर, गाडी पुन्हा एकदा रस्त्यावर फिरवून आणल्यावर करावेत.